शून्य परत करा हो, आणि ळ ला विसरू नका

गावांच्या नावांची यादी क्रमाने लावायला तुम्ही जावाचा कंपॅरेटर (दोन आयटममध्ये कुठला आधी हे सांगणारं फंक्शन) दिलाय, पहिला मोठा असेल तर 1 नाहीतर -1, आणि म्हणताय की मस्त चालतो. चालणारच, यादीत 20 नावं आहेत म्हणून! दोन्ही सारखे असले की 0 द्यायलाच हवं, नाहीतर सारख्याच अ आणि ब मध्ये अ ची ब शी तुलना विचारली तरी -1 आणि ब ची अ शी विचारली तरी -1, म्हणजे दोघंही एकमेकांपेक्षा लहान, कसं व्हायचं. जावा 7 पासून टिमसॉर्ट ही सॉर्ट करायची पद्धत आलीय, 32 पेक्षा कमी आयटम असले तर ती गुपचूप सॉर्ट करते, जास्त झाले की सॉर्ट केलेले तुकडे मर्ज करताना कधीतरी एक्सेप्शन (प्रोग्रॅम थांबवणारी एरर) तोंडावर फेकते, तेही दरवेळी नाही. माझं असंच फोंड्यात क्लायंटसमोर फुटलं, टेस्टिंगला सगळं ओके होतं 😅

आकड्यांची तुलना करताना पहिल्यातून दुसरा वजा करून उत्तर पण देऊ नका, मोठ्या आकड्यांना इंट ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे उत्तर इंटमध्ये न मावून, चिन्हच उलटं होतं. जावाचं तयार इंटिजर.कंपेअर वापरा ना सरळ.

आणि गावांची यादी आहे म्हणून सांगतो, साध्या स्ट्रिंग कंपेअरला कळंगुट आधी येतं आणि कवळे नंतर, कारण युनिकोडात, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ळ हा व च्या आधी बसवलाय. आपल्या बाराखडीत ळ ह च्या नंतर, त्यामुळे कवळे आधी पाहिजे. क्ष चं पण तेच, तो क मध्ये जाऊन बसतो. त्याला जावाचा रूलबेस्डकोलेटर घ्या, त्यात अक्षरांचा स्वतःचा क्रम देता येतो. आधी तालुक्याप्रमाणे आणि मग गावाप्रमाणे लावायचं असेल तर तालुक्याला जावा 8 चं कंपेअरिंग आणि पुढे गावाला देनकंपेअरिंग, त्यात हा कोलेटर टाकला की झालं.