काल रात्री एक वाजता कोण ओरडलं? (सोसायटीचा ग्रुप, ६ जून २०२५)

जोशी काकू, सी-२०१: काल मध्यरात्री एकच्या सुमारास बी विंगमधून कोण बोंबललं? ह्यांना वाटलं लिफ्टमध्ये कोणी अडकलं. अनवाणी खाली गेले बिचारे.

मंदार, बी-३०२: सॉरी काकू 🙏 मीच तो. इराकमध्ये बसऱ्याला इराक-दक्षिण कोरिया फुटबॉल मॅच होती. कोरिया २-० ने जिंकली, २०२६ च्या वर्ल्ड कपला पोचली. सलग अकराव्यांदा!

जोशी काकू: कोरिया जिंकली तर तू का ओरडतोस? सासर आहे का तुझं तिकडे?

पाटील, ए-१०४: त्याचं सासर सांगलीला हाय काकू 😂

मंदार: काकू, मी कोरियाच्या कोचसाठी ओरडलो. होंग म्योंग-बो. मागच्या सप्टेंबरात सोलच्या स्टेडियममध्ये घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली होती. पॅलेस्टाइनशी ०-०. तिथून एकही मॅच न हरता पार वर्ल्ड कपपर्यंत.

सेक्रेटरी देशपांडे: कृपया हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. आज टाकी साफ करणार आहेत, १० ते १ पाणी नसेल. भरून ठेवणे.

नितीन, ए-६०३: मंदार, अर्धी गोष्ट सांगू नकोस. इराकचा एक जण पहिल्या हाफमध्येच रेड कार्ड घेऊन बाहेर. अकरांशी दहा.

पाटील: आवो नितीनराव, दहा जणांची भिंत फोडायची म्हंजे जास्त अवघड. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर या एकदा, दाखवतो. आणि होंग म्हंजे २००२ चा कॅप्टन न्हवं का? २० नंबर?

मंदार: तोच!! काका तुम्हाला आठवतो?

पाटील: आठवतो म्हंजे काय भावा. शनिवार होता, दुपारी बाराला मॅच. स्पेनशी. तालमीत एकच टीव्ही आणि पन्नास माणसं. १२० मिनिटं ०-०. मग पेनल्टी. स्पेनच्या त्या पोराची, होआकिनची, गोलकीपरनं अडवली. शेवटची पाचवी मारायला हा आला. चेहरा बघशील तर तलाठ्यासारखा, कसलाच भाव न्हाई. बॉल ठेवला, चार पावलं, वर कोपऱ्यात. आणि मग जो हसला! दोन्ही हात पसरून पळतोय आणि हसतोय. चार वर्ल्ड कप खेळलेला माणूस, पहिल्यांदाच हसल्यागत.

नितीन: त्याच मॅचमध्ये स्पेनचे दोन गोल रद्द केले ते पण सांगा काका. रेफरी इजिप्तचा होता, त्याचा पुतळा बसवायला हवा कोरियात.

पाटील: स्पेनवाल्यांचं रडगाणं तुमच्याकडं कुठनं आलं?

मंदार: रेफरीचं काही असो, त्या स्पर्धेत ब्राँझ बॉल, म्हणजे तिसऱ्या नंबरच्या खेळाडूचं बक्षीस, होंगला मिळाला. पहिला ऑलिव्हर कान, दुसरा ब्राझीलचा रोनाल्डो, तिसरा हा. डिफेंडर! आशियाई! १९९४ ला पण स्पेनविरुद्ध ०-२ असताना ८५ व्या मिनिटाला गोल ह्याचाच, मॅच २-२. मग जर्मनी ३-० वर होती, ह्यानं लांबून एक हाणला, ३-२ पर्यंत आणलं.

सायली, बी-५०१: गुड मॉर्निंग सगळ्यांना 😊 मी चाकणला कोरियन कंपनीत दुभाषी आहे, आमच्या ऑफिसात हा विषय काढला की साहेबांचे दोन गट पडतात. एक किस्सा मात्र दोन्ही गट सांगतात. कोरियनमध्ये मोठ्याला नावाने हाक मारत नाहीत, 'ह्योंग' म्हणतात, म्हणजे दादा. २००२ च्या टीममध्ये होंग सगळ्यात मोठ्यांपैकी, ३३ वर्षांचा. मैदानावर पोरं बॉलसुद्धा बिचकत मागायची. तेव्हाचा कोच हिडिंक डच, त्याने सांगितलं हे दादा-बिदा बंद, सगळे नावाने. तर एक ज्युनिअर जेवायच्या वेळी म्हणाला, "म्योंग-बो, चल जेवायला." सगळे गार. आणि मग हशा.

जोशी काकू: आमच्याकडे सुनेने ह्यांना असं म्हटलं तर हे जेवणारच नाहीत.

सेक्रेटरी देशपांडे: टाकी. १० ते १.

नितीन: सायली, त्या दोन गटांचं काय ते सांग ना. लोक उगाच ओरडत नव्हते.

सायली: सांगते. शब्द आहे 'उइरी'. आपल्या माणसाला सोडायचं नाही, असं काहीसं. २०१२ ला होंग ऑलिंपिक टीमचा कोच. पार्क चू-योंग म्हणून स्ट्रायकर, तो लष्करी नोकरी टाळतोय म्हणून लोक खवळलेले. तिकडे सगळ्या मुलांना सैन्यात जावंच लागतं, ऑलिंपिक मेडल किंवा एशियन गेम्सचं गोल्ड मिळालं तर खेळाडूंना सूट. तर होंग पत्रकार परिषदेत त्याच्या शेजारी जाऊन बसला. म्हणाला, हा नाही गेला तर ह्याच्या जागी मी जाईन सैन्यात.

मंदार: आणि काय झालं? कार्डिफला ब्रिटनला त्यांच्याच घरात पेनल्टीवर हरवलं. ब्राँझच्या मॅचला समोर जपान. २-० जिंकले, पहिला गोल पार्क चू-योंगचा! फुटबॉलमधलं कोरियाचं पहिलं ऑलिंपिक मेडल.

सायली: त्या मॅचमध्ये एक डिफेंडर, किम की-ही, तोवर एकदाही खेळला नव्हता. मैदानावर पाय ठेवल्याशिवाय सूट मिळणार नाही. होंगने शेवटच्या मिनिटांत त्याला उतरवलं. चार मिनिटं खेळून पोरगा सुटला. आमच्या साहेबांच्या डोळ्यात हे सांगताना अजून पाणी येतं.

पाटील: माणूस पाहिजे तर असा.

नितीन: हो, आणि दोन वर्षांनी ब्राझीलच्या वर्ल्ड कपला? सीझनभर क्लबच्या बेंचवर बसलेला तोच पार्क चू-योंग पुन्हा टीममध्ये, कारण आपला माणूस! रशियाशी १-१, अल्जेरियाने चार घातले, बेल्जियमशी हार. एक पॉइंट घेऊन गटात शेवटचे. २०१२ ला जो गुण होता तोच २०१४ ला रोग झाला. विमानतळावर लोकांनी काय फेकलं माहितीये?

सायली: यॉत. तांदळाची गोळी-टॉफी, आपल्या रेवडीसारखी चिवट. पण "यॉत खा" ही तिकडे शिवी आहे 🙈

जोशी काकू: शिवीसुद्धा गोड. छान आहेत लोक.

मंदार: पण तो संपला नाही ना. कोरियातला उल्सान क्लब बघा. २०१९, २०२०, २०२१, तीन वर्षं ओळीने दुसरे, त्यातलं तिसरं ह्याच्याच हाताखाली. मग २०२२ ला लीग जिंकली, १७ वर्षांनी. २०२३ ला परत. ह्याहून काय प्रूव्ह करायचं?

नितीन: मला त्याच्या लायकीबद्दल बोलायचंच नाही. निवड कशी झाली ते बोल. आधीचा कोच क्लिन्समनला फेब्रुवारी २०२४ ला काढला, पाच महिने परदेशी कोचच्या मुलाखती घेतल्या आणि जुलैत अचानक, होंग! निवड समितीत बसलेला पार्क जू-हो म्हणाला, मला बातम्यांतून कळलं. उल्सानच्या फॅन्सना होंगच सांगत होता की मी जात नाही, आणि सीझनच्या मध्यात गेला. संसदेत बोलावून प्रश्न विचारले. मंत्रालयाने ऑडिट केलं, त्यात आलं की प्रक्रिया पाळली नाही.

मंदार: पण करार रद्द करा असंही म्हटलं नाही ऑडिटने. आणि रिझल्ट समोर आहे.

नितीन: रिझल्ट चांगला म्हणजे पद्धत बरोबर? मग आपल्या रंगकामाचं पण तेच म्हणायचं का, तीन कोटेशन्स न मागवता दिलं ते?

पाटील: 👀

सेक्रेटरी देशपांडे: नितीन, रंग चांगला लागलाय की नाही? मागच्या पावसात एका तरी भिंतीला ओल आली का?

नितीन: नाही आली काका. पण ठेकेदार तुमचा वर्गमित्र आहे हे आम्हाला चहाच्या टपरीवर कळलं, मीटिंगमध्ये नाही.

सायली: उइरी 😅

सेक्रेटरी देशपांडे: कोटेशन दोन आली होती. फाइल ऑफिसात आहे, कोणीही पाहावी. मीटिंगला ठेवतो.

मंदार: काका माझा विषय कुठून कुठे गेला 😭

जोशी काकू: मंदार, ती पेनल्टी पाठव रे इथे. ह्यांना दाखवते, रात्री कशासाठी पळाले ते.

मंदार: 📹 पाठवली काकू. शेवटपर्यंत बघा, हसतो ते.

जोशी काकू: दोनदा बघितलं. हसतो गोड. पण आधीच्या पेनल्टीला गोलकीपर लाइन सोडून पुढे आला होता ना? की आमच्याच फोनवर तसं दिसतंय?

नितीन: काकू 🙏🙏🙏 मी तेवीस वर्षं हेच सांगतोय.

पाटील: काकू तुम्ही पण?

सेक्रेटरी देशपांडे: पाणी बंद केलंय.