शेड वेगळी, ओटा वेगळा

एका भाऊनं लिहिलंय की दुकानदार फी भरत असेल तर फुटपाथवरचा शेड, पायऱ्या, रॅम्प सगळ्याला परवाना देऊन टाका. पण शेड अन् रॅम्प एकाच मापात कसे मोजता? मे महिन्यात ४५ डिग्रीत चालणाऱ्याला शेड बरा वाटतो, खांब मधात नसला म्हणजे झालं. सिमेंटचा रॅम्प एकदा ओतला की परवाना संपला म्हणून कोणी फोडते का, वरून नालीचं झाकण त्याच्याखाली दबलं की सफाईवाला साफ काय करणार कप्पाळ! आयआरसी १०३ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक नियमांत, चालायला किमान १.८ मीटर मोकळं सांगितलंय, तेवढं सोडून उरलं तर द्या परवाना, नागपूरच्या इतवारी बाजारात टेप लावून पाहा एकदा. अन् परवान्यासाठी २०१४ च्या कायद्याचा आधार घ्याल, तर तो फेरीवाल्यांचा आहे, पक्क्या दुकानाच्या ओट्याचा नाही.