पिकअपला सुपरचार्जर? आधी पाइप पाहा भाऊ
भाऊ, कापूस भरला की चढावर गाडी दम टाकते, म्हणून सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) घ्यायचा, तर त्यातला रूट्स प्रकार की सेंट्रिफ्यूगल, असं तुम्ही विचारलं. ओझ्यासाठी रूट्सच. इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो अन् कमी आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हवा कोंबतो. सेंट्रिफ्यूगलची खरी ताकद आरपीएम चढल्यावर. पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगणाऱ्या गाडीला काय कामाचा?

पण तुमची डिझेल पिकअप आधीच टर्बोवाली आहे नं, म्हणजे धुराच्या जोरावर हवा कोंबणारा पंप तिच्यात आहेच! माझीही चिखलदऱ्याच्या घाटात अशीच रडायची, मागे नुसता काळा धूर. निघालं काय, तर इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा थंड करतो तो) रबरी पाइप क्लिपपाशी बोटभर चिरलेला, भोवती तेलाचा काळा डाग. एअर फिल्टर काढला तर त्यातही कापसाचा भुस्सा. (मेकॅनिक मात्र टर्बोच बदला म्हणत होता.) अन् सुपरचार्जर बसवून इंजिनात बदल केला की आरटीओ, इन्शुरन्सची भानगड वेगळीच.