टॉर्क बरोबर, तरी हेड गळतं

टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळायचा पाना) नीट वापरला की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, पुन्हा जात नाही, असं म्हटलं जातं. रेंच हवाच, पण बोल्टच्या भोकात काय आहे तेही बघा. खाली बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं असेल तर बोल्ट त्यावरच अडतो, कारण द्रव दाबला जात नाही. रेंच 'कट्' करतो, आकडा बरोबर दिसतो, हेड मात्र पुरतं आवळलेलंच नसतं. अजून जोर लावला तर ब्लॉकला तडा.

अंबडला माझ्याकडे निफाडचा एक ट्रॅक्टर आला होता, ऐन द्राक्षाच्या फवारणीत. दुसरीकडे हेड बसवून पंधरा दिवसही झाले नव्हते. दोन भोकांतून चमचा-चमचा काळं पाणी निघालं. त्या शेतकऱ्याचा चेहरा बघून फार वाईट वाटलं. तेव्हापासून प्रत्येक भोकात हाताने टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवतो, वर फडकं धरून हवा मारतो, आणि हेड ठेवण्याआधी बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत उतरतो का ते पाहतो. आट्यांना तेल मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच, तेही थेंबभर. ओल्या आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.