'नैसर्गिक'च्या उलट 'कृत्रिम'च का? (केळीवरून पडलेला प्रश्न)

प्रश्न :
शाळेत नैसर्गिक × कृत्रिम अशी जोडी पाठ केलीय पण आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडे केळीला यातला कुठला शब्द लावायचा तेच कळत नाही. रोप टिश्यू कल्चरचं म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं, पाणी ड्रीपचं, खत मोजून दिलेलं, तरी केळी कृत्रिम आहे असं कुणी म्हणत नाही, म्हटलं तर कानाला खटकतंच. मग 'मानवनिर्मित' म्हणायचं का?

उत्तर :
खटकतं कारण कृत्रिममध्ये आता खोटेपणा शिरलाय, कृत्रिम दात, कृत्रिम फुलं, कृत्रिम हसू. मुळात तसं काही नाही भाऊ, 'कृ' म्हणजे करणे आणि करून झालेलं ते कृत्रिम, बस. आणि प्रकृती, विकृती, संस्कृती हे सगळे त्याच 'कृ'चे. सांख्य दर्शन या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानात तर प्रकृतीची म्हणजे निसर्गाची जोडी पुरुषाशी लावलीय आणि तिथला पुरुष म्हणजे बाप्या नव्हे, शुद्ध जाणीव, नुसता साक्षी, तो काही करत नाही, करते ती प्रकृती! आपण आज जे समजतो, की निसर्ग आपला पडलेला असतो आणि करणारा माणूस, त्याच्या बरोबर उलट. मला हे फार मोलाचं वाटतं.

आजच्या जोडीसारखा विचार ग्रीकांकडे सापडतो. ॲरिस्टॉटलनं दाखला दिलाय की लाकडी खाट जमिनीत पुरली आणि समजा तिला कोंब फुटला तर लाकूड येईल, खाट येणार नाही. खाटेचं खाटपण सुतारानं दिलेलं, वाढायची ओढ लाकडाची स्वतःची. आता हे केळीला लावून बघा. कंद लावला की केळच येतं, म्हणजे निसर्गच झाला. पण आपल्या बागेतल्या केळीत रुजणारं बी नाही, तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. सह्याद्रीतली रानकेळ बियांवर वाढते, ही मात्र वावरातून वावरात माणसाच्या हातानंच गेली. तरीही 'मानवनिर्मित' जास्तच होतं. बी नसणं माणसानं घडवलं नाही, ते आपसूक झालं, माणसानं ते हेरलं आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलं. म्हणून मी 'जोपासलेली' म्हणेन.

दुसरं उत्तर :
विशेषणात अडकूच नका, मराठीची क्रियापदं बघा. पिकणे-पिकवणे, वाढणे-वाढवणे, वळणे-वळवणे. 'आम्ही केळी पिकवतो' म्हटलं तरी त्या 'पिकव'च्या पोटात 'पिक' आहेच, म्हणजे पिकते ती केळीच, आपण फक्त तिला पिकायला लावतो. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड बागायत घ्या, नदीला बंधारा घालून पाटानं पाणी फडाफडात म्हणजे शेतांच्या एकेका गटात फिरवायचं, किती जुनी पद्धत, तिथे पाणी उतारानंच वाहतं आणि माणूस ते वळवतो. यात नैसर्गिक किती आणि कृत्रिम किती हे वेगळं काढून दाखवा बरं. खाटेला मात्र असं क्रियापद नाही, खाट 'खाटत' नाही, ती करावीच लागते. फरक करायचाच असेल तर तो इथे आहे.

प्रश्नकर्ता :
हे पटलं. पण एक अडचण राहिली, विक्रीच्या बोर्डावर 'नैसर्गिकरीत्या पिकवलेली केळी' लिहावं का? आमची केळी रायपनिंग चेंबरमधून, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीतून येते.

उत्तर :
नका लिहू. चेंबरमध्ये इथिलीन सोडतात, तोच वायू केळी पिकताना स्वतःही सोडते, पूर्वी भट्टीत धुरी द्यायचे त्या धुरातही तो असायचा. त्यामुळे 'कृत्रिम' म्हणून घाबरवायची गरज नाही. कॅल्शियम कार्बाइडची गोष्ट वेगळी, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असू शकतो आणि फळं पिकवायला त्याच्यावर बंदीच आहे. पण गिऱ्हाईक 'नैसर्गिक' वाचून झाडावर किंवा घरात आपोआप पिकलेली समजणार, आणि तसं तर ते नाही. सरळ 'इथिलीनवर पिकवलेली, कार्बाइड नाही' असं लिहा, कुणी विचारलं तर चेंबर दाखवा.

प्रश्नकर्ता :
बठ्ठं समजनं भाऊ, तसंच लिहितो.