मदत हवी आहे : 'हादाशी नो गेन' मूळ जपानीतून वाचताना

नमस्कार मंडळी. पुण्यात जपानी शिकणारे आम्ही काहीजण नाकाझावा केइजींची 'हादाशी नो गेन' ('अनवाणी गेन') ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, एकत्र वाचतोय. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. वडील, बहीण, धाकटा भाऊ त्यात गेले. तेच पानापानांत उतरलंय, त्यामुळे भराभर पुढे जाववत नाही.

कांजीवर (चिनी चित्रलिपीतल्या अक्षरांवर) फुरिगाना, म्हणजे उच्चार दाखवणारी छोटी अक्षरं, आहे, तिथे अडत नाही. अडतं ते हिरोशिमाच्या बोलीपाशी. कथेचा नायक गेन स्वतःला 'वाशी' (म्हणजे 'मी') म्हणतो, वाक्यं 'जा', 'जाकेन'वर संपतात. वर्गातलं व्याकरण तिथे पुरत नाही.

या बोलीची सोपी ओळख कुठे मिळेल? हिरोशिमात राहिलेलं कुणी अधूनमधून ऑनलाइन येऊन आमच्यासोबत मोठ्याने वाचेल का? आणि स्फोटानंतरची पानं आधी घरी वाचून यावीत, की गटातच पहिल्यांदा उघडावीत?