कानबाईच्या रात्रीसाठी दहा हजारांत कोणती लेन्स घेऊ?

बोरीकाठची

राम राम मंडळी. मी अमळनेरची. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. बाकी काहीच नाही. शिकवणीच्या पैशांतून दहा हजार साठवलेत, त्याच्यावर एक रुपयाही घालता येणार नाही.

आमच्या घरी श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी रात्रभर गाणी, फुगड्या, आणि सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. गाणी माझी आजी सांगते, बाकीच्या बाया मागे धरतात. आजीला आता ८१ वर्षं झालीत. मागच्या वर्षी मी रात्रभर फोटो काढले आणि जवळजवळ सगळे हललेले निघाले. खोली दहा बाय बाराची, वर एक नऊ वॅटचा बल्ब आणि देवीपुढे समई. फ्लॅश मारायचा नाही, कारण आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला झगमग सहन होत नाही.

दुकानदार म्हणतो ७५-३०० घ्या, स्वस्तात लांबचं दिसेल. मैत्रीण म्हणते ५० एमएम घे. मलाही पुढे हतनूरच्या धरणावर पक्षी बघायला जायचंय, म्हणून मन दोन्हीकडे ओढतंय. काय घेऊ?

हतनूरवाला

ताई, ७५-३०० घेऊ नका. त्या साध्या ७५-३०० मध्ये हाताची थरथर सावरणारी यंत्रणाच (आयएस) नाही. ३०० ला लावली की शटर सेकंदाच्या १/५०० च्या आसपास ठेवावा लागतो, आणि ते भरउन्हातच जमतं. पक्ष्यांसाठी घ्यायची झालीच तर ५५-२५० आयएस एसटीएम घ्या. वजन पावणेचारशे ग्रॅम, फोकस गुपचूप होतो, आणि जुनी चांगल्या अवस्थेत मिळते. मी पाच वर्षं तीच वापरली. पण खरं सांगतो, हतनूरच्या पाण्यावर हिवाळी बदकं इतकी लांब बसतात की २५० लाही ठिपकेच दिसतात. पहिले दोन हिवाळे मी काठावरच्या खंड्या आणि धोबी पक्ष्यांवरच शिकलो.

घरातल्या रात्रीसाठी मात्र ती उपयोगाची नाही. एफचा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी, आणि तिचा एफ ४ ते ५.६ म्हणजे तुमच्या आताच्या लेन्सइतकाच अंधार. आणि आयएसचा गैरसमज करून घेऊ नका. तो तुमच्या हाताची थरथर थांबवतो, फुगडी खेळणारी बाई थांबवत नाही.

पांझरा

लेन्स सांगण्याआधी एक काम करा. मागच्या वर्षीचे फोटो संगणकावर उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ (लेन्स किती एमएमवर होती ते), एफ नंबर आणि शटर बघून वहीत उतरवा. अर्धा तास लागेल. कोणती लेन्स हवी ते आमच्यापेक्षा तुमचे स्वतःचे फोटो नेमकं सांगतील.

बोरीकाठची

केलं. २१२ फोटो होते. १८ ते २४ मध्ये १३४, ४५ ते ५५ मध्ये ६१, उरलेले मधले. ५५ वर सगळीकडे एफ ५.६, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद) ३२०० आणि शटर १/१५ दिसतंय. १८ वर एफ ३.५ आणि शटर १/३०, १/४० असं. ५५ चे बहुतेक सगळे आजीच्या चेहऱ्याचे आहेत. तेच सगळ्यात जास्त हललेत.

पांझरा

यातच सगळं आलं. आता हिशेब बघा. एफ ५.६ वरून एफ १.८ वर गेलात तर उजेड साधारण पावणेदहा पट वाढतो. म्हणजे त्याच खोलीत, त्याच आयएसओला १/१५ चा शटर १/१२५ च्याही पुढे जातो. गाणाऱ्या माणसाचा चेहरा धरायला एवढं पुरतं. कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम २०१५ पासून बाजारात आहे, जुनी तर तुमच्या पैशांत आरामात बसेल.

पण ५० ची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, म्हणून ५० एमएम त्याच्यावर ८० सारखी दिसते. दहा फुटांवर उभं राहून आडवा फोटो घेतलात तर जेमतेम साडेचार फूट रुंदीचं दिसणार. उभा धरलात तरी उंची तेवढीच, म्हणजे फुगडी खेळणारी बाई डोक्यापासून पायापर्यंत मावणार नाही. आणि दहा बाय बाराच्या खोलीत दहा फूट मागे सरायला जागा तरी कुठे, भिंतीला टेकून बाया बसलेल्या असतात.

२४ एमएम एफ २.८ नावाची एक चपटी लेन्स आहे, सव्वाशे ग्रॅमची. तिच्यातून त्याच दहा फुटांवर सव्वानऊ फूट रुंदी दिसते. मला स्वतःला ती फार आवडते. पण तुमच्या १८-५५ वर २४ ला जो उजेड मिळतो, त्याच्या दुप्पटच ती देते. पावणेदहा पट कुठे आणि दुप्पट कुठे.

स्टुडिओवाले काका

बेटा, मी धुळ्यात तीस वर्षं लग्नं काढली. रीळ होतं तेव्हापासून. माझं ऐक, लेन्सच्या आधी बल्ब बदल.

नऊ वॅटचा एलईडी काढून तिथे वीस वॅटचा लाव. उजेड दुपटीच्या वर जातो. २४ एमएम घेऊन जेवढं मिळवणार होतीस तेवढं काही रुपयांत मिळालं, आणि ते तुझ्या १८-५५ लाही मिळालं. रंग मात्र पिवळसरच घे, पांढराशुभ्र लावशील तर समईचा उजेड मरेल. बल्ब उघडा डोळ्यांवर येऊ देऊ नकोस. कोपऱ्यात उंच लाव आणि चुना दिलेल्या भिंतीकडे वळव. भिंतीवरून परत येणारा उजेड मऊ असतो, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसतात पण बोचत नाहीत. तुझ्या आजीलाही त्रास नाही. दोन दिवस आधीच लावून ठेव, म्हणजे त्या रात्री कोणाला वेगळं वाटणार नाही.

स्वस्त एलईडी आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/२०० च्या वर नेलास तर फोटोत काळसर पट्टे येऊ शकतात. १/५० किंवा १/१०० ठेव.

मग लेन्स ५०च घे. रुंद फोटोला तुझी १८-५५ आहेच, नव्या उजेडात ती १८ वर निभावून नेईल. चेहऱ्याला ५०. दोन्हींत ओढाताण करू नको.

तोरणमाळकडचा

काकांशी सहमत. मी ५० घेतली ती सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीसाठी. तिथे रात्रभर ढोल चालतात, मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या जाळाच्या उजेडात नाचतात, आणि १८-५५ तिथे हातच टेकते. एकच सावधगिरी सांगतो. १.८ वर सगळं उघडून चेहऱ्याच्या जवळ गेलात तर स्पष्ट भाग फार पातळ असतो. तीन फुटांवर तो इंचभरच. डोळा धारदार आणि कान धूसर. एका जागी बसलेल्या माणसाला चालतं, पण गाताना आजी पुढेमागे डुलणारच. २.२ किंवा २.५ ठेवा. फोकस मधल्याच ठिपक्यावर लावा, या कॅमेऱ्याच्या नऊ ठिपक्यांत अंधारात खात्रीचा तोच. आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, बल्बचा पिवळा रंग नंतर हवा तेवढा उतरवता येतो.

केळीबाग_रावेर

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे निकॉन डी३५०० आहे. ओळखीतला एक जण निकॉनची ५० एमएम १.८डी अगदी कमी पैशांत देतोय. घेऊ का?

पांझरा

नको भाऊ. डी३५०० च्या आत फोकस फिरवणारी मोटर नाही आणि त्या डी लेन्समध्येही नाही. बसेल, पण फोकस दर वेळी हाताने करावा लागेल. तुमच्यासाठी ३५ एमएम एफ १.८जी डीएक्स शोधा. तिच्यात मोटर आहे, आणि तुमच्या सेन्सरवर ती घरात-शेतात दोन्हीकडे सोयीची पडते.

बोरीकाठची

सगळ्यांचे आभार. जळगावात एक जण जुनी ५० एसटीएम साडेपाच हजारांना देतोय. जुनी घेताना काय बघायचं? मला काहीच अनुभव नाही.

स्टुडिओवाले काका

कॅमेरा सोबत घेऊन जा, आणि दिवसा जा.

दोन्ही बाजूंची झाकणं काढ आणि मोबाइलची बॅटरी मागून आत मार. तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती फंगस आहे, उठून ये, भाव कितीही पाडला तरी. धुळीचे दोनचार कण असले तर काही बिघडत नाही. आपल्या भागात उन्हाळ्यात धूळ कोणाच्या लेन्समध्ये जात नाही?

मग कॅमेऱ्याला लावून जवळ-लांब असं वीसेक वेळा फोकस करून बघ. ही लेन्स पडलेली असली तर फोकस अडकतो, घरघरतो, किंवा पुढची नळी वाकडी बाहेर येते. मागचे सोनेरी ठिपके झिजलेले, हिरवे पडलेले नकोत. शेवटी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटव, समोर सरळ उभी राहून एफ २.८ ला फोटो काढ आणि चारही कोपरे मोठे करून वाच. तीन कोपरे स्पष्ट आणि एक फुसका असेल तर आतली काच सरकलीय.

घेतल्यावर पावसाळाभर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव. कातड्याच्या पिशवीत ठेवू नको, तिथेच फंगस लागते.

हतनूरवाला

आणि उरलेले साडेचार हजार खर्चू नका ताई. त्याच्यात पुढच्या हिवाळ्यापर्यंत भर घाला, मग ५५-२५० चं बघू. हतनूरला आलात की माझी लावून बघा आधी.

बोरीकाठची

कानबाई झाली. उशिरा कळवतेय, घर पाहुण्यांनी भरलं होतं.

लेन्स घेतली, काकांनी सांगितलेलं सगळं बघून. पहिली पाहिलेली परत केली, तिच्यात धागे होते. दुसरी भुसावळहून मिळाली, पाच हजार आठशेला. बल्ब दोन दिवस आधी लावला. बाबांनी विचारलं खोलीत एवढा उजेड कशाला, आईने सांगितलं राहू द्या, नैवेद्याच्या रोटाचं पीठ नीट दिसतं.

आजीचे फोटो एफ २.२, आयएसओ १६०० आणि १/१०० वर काढले. ४० काढले, त्यातले २७ स्वच्छ आहेत. एकात ती डोळे मिटून गातेय आणि मागच्या बाया धूसर आहेत, पण सगळ्यांची तोंडं उघडी दिसतात. फुगड्या १८ वर काढल्या. हात-पाय हललेत, चेहरे आलेत, मला ते तसेच आवडले. पहाटे नदीवर आकाश उजळायला लागल्यावर कॅमेऱ्यावरून ५० उतरवायलाच मन होईना.

आजीला मोबाइलवर दाखवला. तिने बराच वेळ जवळ धरून बघितला आणि विचारलं, "हाई मीच शे का?" आता तिला तो देवघराशेजारी लावायचाय, आठ बाय बाराचा. काका, कागद मॅट घेऊ की चकचकीत?

स्टुडिओवाले काका

मॅट. चकचकीत कागद ओल धरून काचेला चिकटतो, मग सोडवताना फाटतो. फ्रेमवाल्याला सांग, फोटो आणि काच यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट घाल. आणि एक प्रत जास्त काढून ठेव.